वेगाला पायाखालून अडवणारा अंध अभियंता

चंद्रपूरहून मूलकडे येणारा रस्ता शहराची वस्ती मागे पडताच जंगलात शिरतो आणि मूलच्या धानशेतीपर्यंत ही सोबत फारशी सोडत नाही. लोहारा, चिचपल्ली, अजयपूर, केसलाघाट ही नावे प्रवाशांना एसटीच्या थांब्यांपेक्षा अपघातांच्या आणि वाघाच्या बातम्यांमुळेच अधिक परिचित झाली आहेत. १९ मे २०२२ च्या रात्री अजयपूरजवळ डिझेलचा टँकर आणि लाकडे वाहून नेणारा ट्रक यांची टक्कर झाली, दोन्ही वाहनांनी पेट घेतला आणि नऊ माणसे जळून मृत्युमुखी पडली. रस्त्याकडेची झाडेही त्या आगीतून सुटली नाहीत. त्या रात्रीनंतरही हा रस्ता पूर्वीइतकाच वाहता आहे. गडचिरोलीकडे जाणारी मालवाहतूक, ताडोब्याचे पर्यटक, मूलच्या गिरण्यांकडे येणारे धान आणि शाळेत जाणाऱ्या मुलांच्या सायकली, या साऱ्यांना तोच एक डांबरी पट्टा पुरवून घ्यावा लागतो.

याच रस्त्यावर आता अशा मोटारी धावू लागल्या आहेत की ज्यांना, निदान जाहिरातीत तरी, डोळे फुटले आहेत. काचेमागचा कॅमेरा आणि पुढील जाळीआडचे रडार समोरच्या वाहनाचे अंतर मोजते, चालकाचे लक्ष नसल्यास ब्रेक आपोआप लागतो, गाडी पांढऱ्या रेषेबाहेर जाऊ लागली की सुकाणू हलकेच आत वळते आणि एकदा ठरवून दिलेला वेग पुढच्या गाडीच्या चालीनुसार कमीजास्त होत राहतो. २०२१ पासून पुण्याच्या परिसरातील कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या काही देशी मोटारींतही ही साधने आली. या सर्व यंत्रसामग्रीचा मूळपुरुष शोधू गेल्यास ज्या गृहस्थापाशी येऊन थांबावे लागते, त्याला वयाच्या सहाव्या वर्षापासून काहीही दिसत नव्हते. त्याचे नाव राल्फ टीटर. मोटार-अभियंत्यांच्या जगात हे नाव आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र त्याने निर्मिलेले साधन घरोघरी पोहोचले आणि तो स्वतः दाराबाहेरच राहिला.

टीटर यांचा जन्म १७ ऑगस्ट १८९० रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात हेगर्सटाउन या लहानशा गावी झाला. कुटुंब यंत्रकारांचे होते. रेल्वेच्या रुळांवरून मार्गाची तपासणी करण्यासाठी लागणारी हलकी वाहने हा त्या घराचा धंदा होता. चांदाफोर्ट-नागभीड या एकेकाळच्या नॅरोगेज मार्गावर रेल्वेची ट्रॉली ज्यांनी पाहिली आहे त्यांना या वाहनाची कल्पना सहज येईल. पाच वर्षांचा राल्फ एकदा अडकलेला खण चाकूने उघडू गेला, चाकू निसटला आणि एका डोळ्यात घुसला. एका डोळ्याची अशी जखम कधीकधी दुसऱ्या, धडधाकट डोळ्यालाही ग्रासते. त्या काळी यावर उपाय नव्हता. वर्षभरात मुलगा पूर्ण अंध झाला.

यानंतर त्याच्या आईवडिलांनी जे केले, किंबहुना जे केले नाही, त्याला या चरित्रात फार मोठे स्थान आहे. त्यांनी मुलाला घरात कोंडले नाही, त्याच्यापुढे अंधत्वाचा उच्चार टाळला आणि कारखान्याची दारे त्याला मोकळी ठेवली. लोखंडाचे तुकडे, पाने, पेचदार खिळे, जोडण्या या साऱ्यांची ओळख त्याने बोटांनी करून घेतली. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याने एक छोटी मोटारगाडी जुळवली. १९०२ चा तो काळ असा की, अमेरिकेतील बहुसंख्य प्रौढांनीही मोटारीत पाय ठेवला नव्हता. अंध बालकाचे कौतुक म्हणून सोडून द्यावे असे हे काम नव्हते, कारण गाडी चालत होती. यंत्राच्या बाबतीत याहून वेगळी कसोटी नसते.

पुढे अभियांत्रिकी शिकण्याची वेळ आली तेव्हा विद्यापीठांनी हात आखडते घेतले. अंध विद्यार्थी आराखडे कसे वाचणार, प्रयोगशाळेत कसा वावरणार, हे प्रश्न सयुक्तिक भासत असले तरी त्यांच्यामागे संकोच अधिक होता. नात्यातील नेव्हा डिअरडॉर्फ या तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकत होत्या. त्यांच्या खटपटीने तेथे दार उघडले आणि १९१२ मध्ये टीटर यांत्रिकी अभियंता होऊन बाहेर पडले. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू जर्सीतील केमडेनच्या गोदीत युद्धनौकांच्या वाफेच्या टर्बाइनचे फिरते भाग समतोल करण्याची अडचण उभी राहिली. प्रचंड वेगाने फिरणाऱ्या अशा भागात एका बाजूला थोडे जरी वजन अधिक झाले तरी थरथर सुरू होते आणि ती यंत्राचाच घास घेते. टीटर यांनी स्पर्शाच्या आधारे ही थरथर ओळखून समतोलाची रीत बसवून दिली. डोळस अभियंते तबकडीवरील काट्याकडे पाहत असता या माणसाचा हात थेट धातूवर असे.

घरच्या कारखान्याचे रूपांतर पुढे पिस्टन रिंग बनविणाऱ्या ‘परफेक्ट सर्कल’ कंपनीत झाले. इंजिनाच्या नळकांड्यात पिस्टनभोवती बसणारी ही कडी नीट बसली नाही तर ताकद गळते आणि तेल जळते. मूलच्या कोणत्याही गॅरेजमध्ये हे कोणी सांगेल. टीटर या कंपनीचे प्रमुख अभियंते आणि १९४६ मध्ये अध्यक्ष झाले. १९३६ मध्ये अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना आपल्या अध्यक्षपदी निवडले होते. विवाह, संसार, मासेमारीचा छंद, नवनव्या कुलपांचे आणि गिअर बदलण्याच्या यंत्रणेचे शोध, या साऱ्यांनी भरलेले ते आयुष्य होते. तथापि इतिहासाने त्यांना लक्षात ठेवले ते एका वेगळ्याच कारणासाठी, आणि त्या कारणाचा उगम मोटारीच्या मागील यंत्रात नसून शेजारच्या आसनावर आहे.

टीटर स्वतः गाडी चालवू शकत नव्हते, म्हणजेच ते आयुष्यभर प्रवासी होते. त्यांचे पेटंटचे काम पाहणारे वकील हॅरी लिंडसे यांच्या गाडीतून ते वरचेवर जात. लिंडसे यांना बोलण्याची भारी हौस होती. ते बोलू लागले की त्यांचा पाय ढिला पडे आणि गाडी मंदावे, ऐकू लागले की पाय पुन्हा दाबला जाई. डोळे मिटून बसणाऱ्यालाही असे हिसके त्रास देतात. ज्याचे सारे जग स्पर्श, ध्वनी आणि तोल यांचे बनले होते त्याला ते किती जाणवत असतील याचा तर्क करता येतो. खिडकीबाहेरचे दृश्य पाहण्यात रमलेल्या प्रवाशाच्या हे लक्षातही आले नसते. त्यातच दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, रबर आणि पेट्रोल वाचविण्यासाठी अमेरिकेत ताशी ३५ मैलांची, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरची मर्यादा आली. सरकारने मर्यादा घातली खरी, परंतु चालकाच्या पायाला ती कळावी कशी?

टीटर यांनी शोधलेले उत्तर असे होते. चालकाने पुढच्या फळीवरील तबकडीने आपला वेग ठरवावा. चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावरून गती घेणारा एक वेगनियामक गाडी त्या वेगाला पोहोचली की जागा होतो. इंजिनाच्या निर्वात ओढीवर चालणारा एक दट्ट्या मग प्रवेगकाच्या, म्हणजेच ॲक्सिलरेटरच्या, पायटीला उलट रेटा देतो. चालकाच्या तळव्याला अडसर जाणवतो. घाईच असेल, समोरच्याला ओलांडायचेच असेल, तर अधिक जोर लावून तो अडसर मोडता येतो. फिरत्या गोळ्यांचा वेगनियामक ही वस्तू नवी नव्हती, जेम्स वॅट यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस वाफेच्या इंजिनाला तो जोडलाच होता. भाताच्या गिरणीतील जुन्या ऑइल इंजिनावरही तोच नियामक भार वाढला-घटला तरी फेरे कायम राखीत असे. टीटर यांचे वेगळेपण हे की, त्यांनी तो नियामक माणसाच्या पायाशी बोलता केला. २२ ऑगस्ट १९५० रोजी मिळालेल्या त्यांच्या पेटंटच्या शीर्षकातही प्रवेगकाला प्रतिरोध करणारे साधन असाच उल्लेख आहे. त्यात वेग राखण्याच्या सुखाची भाषा नाही, प्रतिरोधाची आहे.

पुढे जे घडले ते बाजारपेठेच्या स्वभावाला धरूनच घडले. पायाला अडसर नको, पायाला सुट्टी हवी, ही ग्राहकाची मागणी होती. त्यासाठी यंत्रणेला विद्युतचुंबकाची कडी जोडण्यात आली. आता ठरविलेला वेग ब्रेकला पाय लागेपर्यंत आपोआप टिकून राहू लागला. १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या इंपीरियल आणि अन्य मोटारींत हे साधन ‘ऑटो-पायलट’ या भारदस्त नावाने बसविले. पाठोपाठ कॅडिलॅकने त्याला ‘क्रूझ कंट्रोल’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत १९७४ साली ताशी ५५ मैलांची मर्यादा आली तेव्हा या साधनाची चलती झाली. लांबलचक, सरळ, दुभाजक असलेल्या आणि कुंपणाने बांधलेल्या महामार्गांवर ते शोभूनही दिसले. वेगाला वेसण घालण्यासाठी जन्मलेली वस्तू अशा रीतीने वेग सुखाने टिकविण्याची वस्तू झाली. आजच्या रडारधारी मोटारीतील स्वयंचलित चाल ही या दुसऱ्या अवताराची नात आहे. पहिल्या अवताराचा वंश मात्र पुढे कित्येक दशके खुंटलेलाच होता.

हा भेद नुसत्या इतिहासाचा असता तर येथे इतका विस्तार करण्याचे प्रयोजन नव्हते. मूलच्या रस्त्यावर तो जीवनमरणाचा भेद ठरतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तरी ३३ मीटर निघून जातात आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही गाडी थांबेपर्यंत आणखी ३५ मीटर लागतात. म्हणजे एकूण जवळजवळ ७० मीटर. तीच गाडी ताशी ५० ने जात असेल तर हे सारे ३५ मीटरांत आटोपते. रात्री दिव्यांचा झोत खाली असताना रस्त्यावर उतरलेले रानडुक्कर अथवा रोही पन्नास मीटरच्या पलीकडून दिसणे कठीण असते. पावसाळी रात्री तर विचारूच नये. या हिशेबात कॅमेरा आणि रडार आले की प्रतिक्रियेचा काळ काही अंशी घटतो, हे मान्य करायलाच हवे. वाचलेला एक सेकंद म्हणजे वाचलेले २२ मीटर, आणि तेवढ्यात एखाद्या मुलाचे प्राण वाचू शकतात. या साधनांना नाके मुरडणे शहाणपणाचे होणार नाही.

परंतु ही साधने शिकली कोठे, हेही पाहिले पाहिजे. त्यांना मोटारीची पाठ ओळखता येते, चालणारा माणूस आणि सायकलस्वार बऱ्यापैकी कळतो, स्वच्छ आखलेली रेषा दिसते. स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने आपल्या देशातील सांबरासारख्या मोठ्या हरणांसाठी प्राणी ओळखण्याची यंत्रणा तयार केली आणि ती ऑस्ट्रेलियात नेली तेव्हा उड्या मारणाऱ्या कांगारूने तिला बुचकळ्यात टाकले, कारण प्राणी हवेत असताना त्याचे अंतर चुकीचे मोजले जाई. मग संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात विनादिव्याची बैलबंडी, रस्त्याच्या निम्म्या भागावर वाळत घातलेले धान, पुसट झालेली कडेची रेषा, कळपातून अचानक उसळी घेणारे चितळ यांचे काय? ज्या वळणावर जंगल रस्त्याला येऊन भिडले आहे तेथे यंत्राला पाहण्याची संधीच उशिरा मिळते. तेथे उपयोगी पडणारी एकच गोष्ट म्हणजे आधीपासून कमी असलेला वेग. वेग कमी असेल तर रडारालाही वेळ मिळतो, माणसालाही आणि चितळालाही.

आपल्या सरकारने याची दखल घेतलेलीच नाही असे नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी हवेची उशी, पट्ट्याची आठवण देणारी घंटा आणि वेगाचा इशारा ही साधने सक्तीची झाली. ताशी ८० च्या वर गेल्यास अधूनमधून आणि १२० च्या वर गेल्यास सतत घंटा वाजते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा मागील आसनावर बसलेले असताना मृत्यू झाला आणि मागच्या पट्ट्याचा विसर पडलेला नियम सर्वांना आठवला. २२ ऑगस्ट २०२३ रोजी मोटारींना धडकचाचणीवरून तारे देणारी भारतीय योजना जाहीर झाली. टीटर यांच्या पेटंटचीही तारीख तीच होती, हा निव्वळ योगायोग. ही सारी पावले स्वागतार्ह असली तरी त्यांचा रोख प्रामुख्याने मोटारीत बसलेल्यांकडे आहे. २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीस्वारांचा वाटा ४४.५ टक्के आणि पादचाऱ्यांचा १९.५ टक्के होता, तर सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले. हवेची उशी आतल्याला वाचवील. बाहेर पायी चालणाऱ्याच्या वाट्याला त्याच मोटारीचा पत्रा येतो.

घंटेच्या आकड्यांतही एक विसंगती राहून गेली आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेले चौपदरी मार्ग आणि द्रुतगती मार्ग वगळता इतर रस्त्यांवर मोटारीची कमाल मर्यादा ताशी ७० आहे. दुभाजक नसलेल्या जंगलातील दुपदरी रस्त्यावर ७० नंतर कायदा मोडला जातो, पण यंत्राला जाग येते ८० नंतर. मधल्या दहा किलोमीटरांत कायदा आणि यंत्र यांची गाठच पडत नाही. जंगलातील टप्प्यासाठी याहून कमी मर्यादेचा फलक लावला तर ही दरी आणखी रुंदावते. शिवाय घंटेची कानाला सवय होते, गाणे मोठ्याने लावले की ती ऐकूही येत नाही. पायाखालचा अडसर असा दुर्लक्षिता येत नाही. टीटर यांनी कान आणि डोळा सोडून तळव्याची निवड केली त्यामागे त्यांच्या आयुष्यभराच्या अनुभवाचे ज्ञान होते, असे मानण्यास पुरेपूर जागा आहे.

टीटर १५ फेब्रुवारी १९८२ रोजी, एक्क्याण्णवाव्या वर्षी निवर्तले. १९८८ मध्ये अमेरिकेतील मोटार-उद्योगाच्या सन्मानदालनात त्यांना मरणोत्तर स्थान मिळाले. तरुण अध्यापक अभियंत्यांसाठी त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. त्यांच्या कन्या मार्जोरी यांनी त्यांचे चरित्रही लिहिले. यांपैकी कशातही न येणारी एक गोष्ट त्यांच्या मृत्यूनंतर बेचाळीस वर्षांनी घडली. ७ जुलै २०२४ पासून युरोपीय संघातील प्रत्येक नव्या मोटारीत रस्त्याची मर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची झाली. ही सूचना कशी द्यावी याचे जे पर्याय नियमांत मान्य केले आहेत त्यांत प्रवेगकाच्या पायटीने तळव्याला उलट रेटा द्यावा, हाही एक आहे. चालकाला तो जोराने ओलांडण्याची मुभाही तशीच कायम आहे. १९५० चा खुंटलेला वंश असा नव्याने रुजला.

भारतात असे करणे अवघड आहे, असे म्हणण्याचे कारण दिसत नाही. ट्रक-बससारख्या वाहतुकीच्या वाहनांना ताशी ८० चा वेगनियंत्रक लावण्याचा नियम आपल्याकडे आहेच. मोटारींच्या नकाशात आता गल्लीबोळही असतात. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या घेत आहे. ताडोब्याच्या भोवतीचे कोणते टप्पे वन्यप्राण्यांच्या वाटेवर येतात याची माहिती वनखात्याला आहे. चंद्रपूर-मूल-गडचिरोली मार्गाच्या जंगलातील टप्प्याची मर्यादा ठरवून ती नकाशात नोंदवावी, आणि त्या टप्प्यात मोटारीची पायटी चालकाच्या पायाला अडवील अशी तरतूद पुढील नियमावलीत करावी, एवढीच मागणी केंद्राच्या रस्तेवाहतूक मंत्रालयाकडे जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी लावून धरण्याजोगी आहे. त्यासाठी कोणाला स्वामित्वधनही द्यावे लागणार नाही. अमेरिकेतील तेव्हाच्या सतरा वर्षांच्या मुदतीनुसार टीटर यांचे पेटंट १९६७ मध्येच संपले आहे.